हरणाऱ्या टीमच्या वेळापत्रकातले योगायोग कसे तपासायचे: डर्बीच्या 38 मॅच घेऊन

टीम सतत हरायला लागली की फॅन माणूस आकडे जुळवायला लागतो. मागच्या वेळी याच तारखेला मार खाल्ला होता, अमुक टीम समोर आली की काहीतरी होतंच, सोमवारी मॅच असली की नशीब फिरतं, असं सगळं. मी हे वर्षानुवर्षं केलंय आणि त्यात चुकीचं काही आहे असं मला वाटत नाही, हरणाऱ्या टीमवर जीव लावलेल्या माणसाला कारण हवंच असतं. फक्त जुळलेला आकडा खरंच काही सांगतोय की नुसताच जुळलाय हे घरबसल्या तपासता येतं, त्याला वही, कॅल्क्युलेटर आणि चिठ्ठ्या एवढंच लागतं, ते कसं करायचं ते इथे सांगतो.

उदाहरणाला इंग्लंडच्या डर्बी काउंटी या फुटबॉल क्लबचा 2007-08 चा सीझन घेतोय. प्रीमियर लीगमध्ये 38 मॅच, 1 विजय, 8 ड्रॉ, 29 पराभव, केलेले गोल 20, खाल्लेले 89, पॉइंट 11. तोपर्यंत लीगमध्ये इतके कमी पॉइंट कुणाचेच नव्हते. 29 मार्च 2008 ला, सहा मॅच बाकी असतानाच, ते खालच्या डिव्हिजनमध्ये गेल्याचं पक्कं झालं. इतक्या वाईट सीझनमध्ये विचित्र आकडे ढिगाने सापडतात, म्हणून शिकायला तो फार चांगला आहे.

आधी वही करा. तयार तक्ता कुठून उचलू नका, 38 ओळी स्वतःच्या हाताने लिहा, कारण लिहिताना जे दिसतं ते नुसतं वाचताना दिसत नाही. मॅचचा नंबर, तारीख, समोरची टीम, घरी की बाहेर, केलेले गोल, खाल्लेले गोल, एवढे कॉलम पुरे. फक्त लीगच्या मॅच घ्या, एफए कप या वेगळ्या स्पर्धेच्या त्याच दिवसातल्या मॅच मध्ये घुसल्या की सगळा क्रम बिघडतो. आणि तारीख तिथली लिहा, आपली नको. डर्बीचा तो एकुलता एक विजय 17 सप्टेंबर 2007 चा, सोमवार रात्र, न्यूकॅसलविरुद्ध 1-0, केनी मिलरचा गोल. तिथे रात्री 8 ला सुरू झालेली मॅच आपल्याकडे साडेबाराला म्हणजे 18 तारखेला सुरू होते, आणि मी वहीत बराच काळ 18 आणि मंगळवार असं लिहून बसलो होतो, त्यामुळे वार-तारखेचं जे काही जुळवलं ते सगळं चुकीच्या पायावर. लिहून झालं की बेरीज लावा. 20, 89 आणि 11 हे तिन्ही आकडे आलेच पाहिजेत. माझी खाल्लेल्या गोलांची बेरीज पहिल्यांदा 88 आली, शोधलं तर विगनकडची 0-2 ची मॅच मी 0-1 लिहिली होती, त्यांच्याशी घरची मॅच 0-1 होती ना, तीच हात लिहून गेला. बेरीज जुळेपर्यंत पुढे जायचंच नाही.

आता योगायोग शोधा, मनसोक्त शोधा, पण दिसेल तो लगेच लिहून ठेवा आणि कुठलाही खोडू नका. हे का ते पुढे येईल.

पहिला प्रश्न प्रत्येक योगायोगाला एकच विचारायचा, हा वेळापत्रक बनवणाऱ्याने बनवलाय का? डर्बीची वही बघा, 30 डिसेंबरच्या ब्लॅकबर्न मॅचपासून 11 मेच्या शेवटच्या मॅचपर्यंत 19 मॅच एक घरी एक बाहेर, एक घरी एक बाहेर, मध्ये एकदाही खंड नाही. नाणं उडवून ठरवलं असतं तर असं व्हायची शक्यता 2 लाख 62 हजारात एक. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रात्री उठून परत मोजलं होतं. पण फिक्स्चर नाणं उडवून ठरत नाहीत, लीगचा प्रयत्नच असा असतो की सलग दोनच्या वर घरच्या किंवा बाहेरच्या मॅच येऊ नयेत आणि कुठल्याही पाच मॅचमध्ये तीन-दोनची वाटणी राहावी. त्यामुळे 2 लाख 62 हजार हा आकडा इथे लावायचाच नाही, तो ज्या खेळाचा आहे तो खेळ इथे कुणी खेळलेलाच नाही. आणखी एक सांगतो, सीझन सुरू 11 ऑगस्टला आणि संपला 11 मेला, आणि डर्बीचे पॉइंट 11. शेवटच्या दिवशी अख्खी लीग खेळते, पहिल्या शनिवारी बहुतेक सगळे खेळतात, म्हणजे ही 11 तारीख डर्बीची नाहीच, ती चौथ्या आलेल्या लिव्हरपूलची पण तेवढीच आहे.

लीग कोणती आहे ते पण बघायला लागतं. जर्मनीच्या बुंडेसलिगात पहिल्या 17 मॅचचा जो क्रम असतो तोच पुढच्या 17 ला घर-बाहेर उलटून येतो, त्यामुळे 'बरोबर 17 मॅचनंतर परत त्याच टीमकडून हरलो' हा तिथे योगायोग नाहीच, ती रचना आहे. इंग्लंडमध्ये असा आरसा नसतो. डर्बी न्यूकॅसलशी 23 डिसेंबरपर्यंत दोनदा खेळून मोकळी झाली होती आणि विगनशी पहिली गाठ पडली ती 12 जानेवारीला.

दुसरा प्रश्न, हे गणितानेच भाग पडलंय का? डर्बीचं सगळ्यात प्रसिद्ध दुखणं म्हणजे न्यूकॅसलला हरवल्यानंतर सीझन संपेपर्यंत सलग 32 मॅच विजय नाही. ऐकायला भयंकर वाटतं, आहेच, पण जरा थांबून बघा, 38 मध्ये एकच विजय असेल तर उरलेल्या 37 मॅच त्या विजयाच्या अलीकडे आणि पलीकडे अशा दोनच तुकड्यात वाटल्या जाणार. म्हणजे मोठा तुकडा किमान 19 चा होणारच, काहीही करा. आणि तो 32 किंवा जास्त कधी होतो, विजय पहिल्या सहा मॅचमध्ये किंवा शेवटच्या सहामध्ये पडला तर. 38 पैकी 12 जागा, म्हणजे तीनात एक. तेव्हा विचित्र गोष्ट आहे ती एकच विजय ही, 32 ही तिची सावली आहे. एका दुःखाला दोनदा मोजू नका, हरणाऱ्या टीमच्या बाबतीत ही चूक सारखी होते, 'फक्त 1 विजय' आणि 'सलग 32 मॅच विजय नाही' हे दोन वेगळे पुरावे म्हणून लोक मांडतात.

सीझनच्या कडेवर सलग मोजणी तोडायची की नाही हे पण आधीच ठरवा. डर्बीचं पुढच्या सीझनला खालच्या डिव्हिजनमध्येही लगेच जमलं नाही, सप्टेंबर 2008 मध्ये शेफिल्ड युनायटेडला हरवलं तेव्हा लीगच्या 36 मॅच विजयाविना झाल्या होत्या. 32 पण बरोबर, 36 पण बरोबर, पण जो आकडा मोठा दिसेल तो नंतर निवडायचा असं चालत नाही. बर्लिनची तास्मानिया 1965-66 ला बुंडेसलिगात पहिली मॅच जिंकली, मग 31 मॅच काही नाही, मग शेवटून दुसरी जिंकली. ती मोजणी पूर्ण त्या एका सीझनमधली आहे, म्हणून 31 शी ताडायचं असेल तर डर्बीचे 32 घ्या, 36 नका घेऊ. (तास्मानियाच्या पहिल्या मॅचला 81 हजारांवर प्रेक्षक होते आणि जानेवारीत एका मॅचला 827, हे आठवलं की मला अजून कसंतरी होतं.)

आता चिठ्ठ्या. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. डर्बीने पॉइंट घेतले ते फक्त 9 मॅचमध्ये आणि फक्त 7 टीमकडून, बाकी 12 टीमनी दोन्ही मॅच जिंकून सहाच्या सहा पॉइंट नेले. त्या 9 मॅचमध्ये न्यूकॅसल दोनदा आहे, घरी 1-0 आणि बाहेर 2-2, आणि फुलम पण दोनदा, 0-0 आणि 2-2. अकरापैकी सहा पॉइंट दोनच टीमकडून! माझी तर खात्री झाली होती की न्यूकॅसलच्या खेळात असं काहीतरी होतं जे डर्बीला मानवत होतं, आणि त्यावर मी मित्रांशी तासतासभर बोललोय.

तर करायचं असं. 38 चिठ्ठ्या करा, 19 टीमच्या प्रत्येकी दोन. आमच्याकडे आईने जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे करून दिले, पातळ कागद बोटाला चिकटतो, पत्रिकेचा पुठ्ठा बरा. स्टीलच्या डब्यात घालून चांगल्या हलवा आणि न बघता 9 काढा. या 9 मध्ये एकाच टीमच्या दोन्ही चिठ्ठ्या किती वेळा आल्या ते लिहा, सगळ्या परत डब्यात टाका, परत काढा. आई डबा हलवून चिठ्ठ्या काढत होती, मी लिहीत होतो, आणि पहिल्याच खेपेला बोल्टनच्या दोन्ही आल्या. पाचव्या-सहाव्या खेपेला दोन जोड्या एकदम आल्या तेव्हा आई म्हणाली, अरे हे तर सारखंच होतंय की. तेच आहे. हिशोबाने काढलं तर शंभर खेपांपैकी साधारण 29 वेळा एकही जोडी येत नाही, 47 वेळा एक येते आणि 24 वेळा दोन किंवा जास्त. म्हणजे न्यूकॅसल आणि फुलमच्या दोन जोड्या ही चारात एकदा होणारी गोष्ट, आणि ती सुद्धा सगळ्या टीम सारख्याच तोडीच्या धरून. खऱ्या लीगमध्ये दुबळी टीम दोन्ही वेळेला दुबळीच असते, फुलम 17 वी आली, तेव्हा जोड्या याहून थोड्या जास्तच पडणार.

डब्याचा कंटाळा असेल तर शीटमध्ये 38 ओळींसमोर रँड फंक्शन टाकून सॉर्ट करा आणि वरच्या 9 बघा, काम तेच. पण पहिल्या वीस-पंचवीस खेपा तरी हाताने काढा असं मी आग्रहाने सांगेन, नुसत्या नशिबाने किती जुळतं हे हाताला कळलं की मग डोकं आपोआप सावध होतं.

आता मघाचं खोडू नका म्हटलं होतं ते. डर्बीच्या वहीत 11 हा आकडा शोधा. पॉइंट 11. आर्सेनलने दोन मॅचमध्ये मिळून (5-0 आणि 6-2) डर्बीवर केलेले गोल 11. दुसऱ्या 19 मॅचमध्ये डर्बीने केलेले गोल 11. बरोबर दोन गोल खाल्लेल्या मॅच 11. सुरुवात 11 तारखेला, शेवट 11 तारखेला. एवढं लिहून झाल्यावर कुणालाही वाटेल की यात काहीतरी आहे, मला वाटलं होतं.

यावर उपाय एकच आणि तो कधीही चुकवू नका, तीच शोधाशोध तेवढ्याच मेहनतीने शेजारच्या आकड्यावर करा. 12 घ्या. डर्बीने घरी केलेले गोल 12. बरोबर एक गोल केलेल्या मॅच 12. बरोबर एक गोल खाल्लेल्या मॅच 12. सहाच्या सहा पॉइंट नेणाऱ्या टीम 12. ज्या एकाच टीमला हरवलं ती न्यूकॅसल शेवटी 12 वी. चेल्सीकडचा 1-6 झाला 12 मार्चला, अॅस्टन व्हिलाने घरी येऊन 0-6 केलं 12 एप्रिलला, विगनने 0-1 ने हरवलं ते 12 जानेवारीला. बारावर तर अकरापेक्षा जास्तच निघालं! हरणाऱ्या टीमचे आकडे लहान असतात हो, वीस गोल, अकरा पॉइंट, नऊ मॅच, सगळं एक ते वीसच्या गर्दीत कोंबलेलं, आणि आपण मोजायच्या पन्नास तऱ्हा काढल्या की प्रत्येक आकड्याच्या वाट्याला चार-पाच येतातच. म्हणून सापडलेले सगळे लिहून ठेवायचे आणि शोधून न सापडलेले पण लिहायचे, 'किती ठिकाणी खणलं' हा आकडा 'किती सापडलं' याच्या शेजारी पाहिजे. केलेल्या 20 गोलांपैकी 10 त्या 9 पॉइंटवाल्या मॅचमध्ये आणि 10 उरलेल्या 29 पराभवांमध्ये, ही अगदी अर्धी-अर्धी वाटणी मला फार सुंदर वाटली होती, पण त्याआधी मी घरी-बाहेर करून बघितलं होतं (12-8) आणि पहिला-दुसरा अर्धा करून बघितलं होतं (9-11), ते सांगितलं की 10-10 चा तेवढा दरारा राहत नाही.

आता जरा गणित, पण घाबरू नका, गुणाकार-भागाकारच आहे. गोलासारख्या क्वचित होणाऱ्या गोष्टींसाठी पॉयसाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाची रीत आहे. डर्बीचा सरासरी गोल म्हणजे 20 भागिले 38, 0.526. कॅल्क्युलेटरवर ई चा (e^x चं बटण) उणे 0.526 घात काढा, 0.591 येतो, त्याला 38 ने गुणा, 22.4. नुसतं नशीब धरलं तर एवढ्या मॅचमध्ये शून्य गोल व्हायला हवेत. त्याला 0.526 ने गुणा, 11.8, या एक गोलवाल्या मॅच. परत 0.526 ने गुणून 2 ने भागा, 3.1, या दोन गोलवाल्या. तीन किंवा जास्तवाल्या 0.6 च्या आसपास, म्हणजे जेमतेम अर्धी मॅच उरते. आता वही उघडा: शून्य गोल 22 मॅच, एक गोल 12, दोन गोल 4, तीन एकदाही नाही. मी हे पहिल्यांदा जुळताना बघितलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. अख्ख्या सीझनमध्ये डर्बीला एकदाही तीन गोल करता आले नाहीत, 22 वेळा हात रिकामे, यावर आपण किती बोललो असू, आणि एवढ्या कमी गोल करणाऱ्या टीमचं ते अगदी नेहमीचं रूप निघालं. विचारायचं ते हेच की गोल इतके कमी का, ते कुठल्या मॅचमध्ये पडले यात शोधण्यासारखं काही नाही.

हेच खाल्लेल्या गोलांवर करा, आणि इथे मात्र नीट बघा. 89 भागिले 38, 2.34. रीतीप्रमाणे शून्यवाल्या 3.7 मॅच, मग एकवाल्या 8.6, दोनवाल्या 10, तीनवाल्या 7.8, चारवाल्या 4.6, पाचवाल्या 2.1, आणि सहा किंवा जास्त साधारण सव्वा. वहीत काय आहे: 3, 12, 11, 3, 3, 2 आणि सहा-सहा गोल खाल्लेल्या तब्बल 4 मॅच. तीनवाल्या आठच्या जागी तीन, सहावाल्या सव्वाच्या जागी चार. मधला भाग खचलाय आणि दोन्ही टोकं फुगलीत. हे मला नुसतं नशीब वाटत नाही. इथे वही बंद करायची नाही, या चार ओळींना पेन्सिलने गोल करायचा आणि त्यांच्यात काय सारखं आहे ते बघायचं.

लिव्हरपूलकडे 0-6, चेल्सीकडे 1-6, घरी व्हिलाकडून 0-6, घरी आर्सेनलकडून 2-6. तीन टीम त्या वर्षीच्या पहिल्या चारातल्या, व्हिला सहावी. आपण एकच सरासरी सगळ्या मॅचना लावली होती, पण लिव्हरपूल आणि मिडल्सब्रो एका तागडीत बसत नाहीत (मिडल्सब्रोने दोन्ही वेळा फक्त 1-0 ने हरवलं), सरासरी बदलत असली की टोकं फुगतातच. दुसरं, व्हिला आणि आर्सेनलच्या मॅच 29 मार्चनंतरच्या आहेत, खाली जायचं पक्कं झाल्यानंतरच्या. शेवटच्या सहा मॅचमध्ये डर्बीने 22 गोल खाल्ले, म्हणजे मॅचला साडेतीनहून जास्त, आधीच्या 32 मध्ये 67, म्हणजे दोनच्या थोडं वर. म्हणजे आता दोन कारणं हातात आहेत आणि दोन्ही तपासता येतात, टीमना टेबलमधल्या जागेप्रमाणे तीन गटात टाका आणि प्रत्येक गटाची सरासरी वेगळी काढून परत तेच गुणाकार करा. मी केलं तेव्हा बराचसा फुगवटा खाली बसला.

आपल्याकडच्या टीमवर करायचं असेल, समजा कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर खेळणारी तुमच्या पेठेची टीम, तर मॅच कमी असतात, दहा-बारावर पॉयसाँ लावून काही कळत नाही, तिथे चिठ्ठ्याच वापरा आणि दोन-तीन सीझन एकत्र करा.

आणि काही गोष्टींना कुठलीच परीक्षा लावायची नसते, त्या तशाच वहीत लिहून ठेवायच्या. त्या वर्षी रीडिंग आणि फुलम दोघांचेही पॉइंट 36 झाले. रीडिंगने डर्बीकडून दोन्ही मॅच जिंकून सहा पॉइंट घेतले, त्यातली दुसरी शेवटच्या दिवशी, डर्बीच्या प्राईड पार्क मैदानावर येऊन 4-0. फुलमला डर्बीकडून दोनच पॉइंट मिळाले होते. त्याच दुपारी फुलम पोर्ट्समथमध्ये 1-0 ने जिंकली, पॉइंट सारखे असले की गोलफरक (केलेले वजा खाल्लेले) बघतात, तो फुलमचा उणे 22 आणि रीडिंगचा उणे 25, आणि चार गोल करूनसुद्धा रीडिंग डर्बीच्या सोबतच खाली गेली.